स्टॉकहोममधली ऐतिहासिक ठिकाणं आणि म्युझियम्स: कुठल्या क्रमाने बघायची, तयारी काय करायची, नेमकं काय चुकतं

स्टॉकहोमला येणारे आपले बरेचसे लोक दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे युरोप टूरमध्ये दोन-तीन दिवस इथे टाकलेले, आणि दुसरे म्हणजे मुलगा-सून किंवा मुलगी-जावई इथे आयटीत आहेत म्हणून उन्हाळ्यात राहायला आलेले आईवडील. दोघांचं चुकतं मात्र एकाच ठिकाणी. गुगलवरची "टॉप टेन" यादी घेतात आणि वरून खाली क्रमाने बघत सुटतात, म्हणजे सकाळी राजवाडा, मग वासा (बुडालेल्या युद्धनौकेचं म्युझियम), मग परत सिटी हॉल, मग परत वासाच्याच बेटावर स्कान्सेन (जुन्या घरांचं उघड्यावरचं म्युझियम). हे शहर बेटांवर वसलंय हो, नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन जागांच्या मध्ये पाणी असतं आणि पूल भलतीकडेच असतो. त्यामुळे अर्धा दिवस ट्राममध्ये जातो आणि संध्याकाळी पाच वाजता म्युझियमच्या बंद दारासमोर उभं राहायची वेळ येते.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि एक दिवस एक बेट असा हिशोब धरा. खाली तीन दिवसांचा क्रम दिलाय, दोनच दिवस असतील तर पहिले दोन करा.

## टप्पा १: घरून निघण्याआधी

१. कार्ड चालू करून घ्या. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. स्वीडनमध्ये रोख पैसे जवळपास संपलेत, कित्येक म्युझियम, कॅफे आणि दुकानं नोटा घेतच नाहीत. आपल्याकडची कार्डं २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे मुळात फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात, इंटरनॅशनल आणि टॅप करून पैसे द्यायची सोय हे दोन्ही बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच ऑन करायचं असतं. हे मुंबई-पुण्यात बसून करा, कारण तिकडे पोचल्यावर ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार आणि रोमिंग नसेल तर पंचाईत. कार्डाचा पिन पाठ पाहिजे. इथले लोक मोबाइलवरून स्विशने पैसे देताना दिसतील पण त्याला स्वीडिश बँक खातं लागतं, पाहुण्यांच्या कामाचं नाही. आणि एकाच कार्डावर सगळी भिस्त ठेवू नका, दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं ठेवा, वेगवेगळ्या खिशात.

२. तारखा बघा. जूनमध्ये १९ ते २५ च्या मधला जो शुक्रवार येतो तो मिडसमर या इथल्या मोठ्या उन्हाळी सणाची संध्या, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शनिवारी शहर ओस पडतं, बरंच काही बंद असतं. डिसेंबरमध्ये आलात तर दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेर फिरायच्या जागा सकाळी आणि म्युझियम दुपारी, हा क्रम तेव्हा सक्तीचाच समजा. सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात, वासा मात्र सोमवारी उघडं असतं, म्हणून तुमच्या ट्रिपमध्ये सोमवार येत असेल तर वासा ज्या बेटावर आहे त्या यूरगोर्डेनचा दिवस तेव्हा टाका.

३. "फुकट म्युझियम्स"च्या जुन्या याद्या विसरा. २०१६ मध्ये इथल्या बऱ्याच सरकारी म्युझियम्सना प्रवेश मोफत झाला होता आणि त्या काळात लिहिलेल्या याद्या अजून सगळीकडे फिरतायत. त्यातल्या काही ठिकाणी नंतर परत तिकीट सुरू झालंय. प्रत्येक म्युझियमची स्वतःची साइट उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

४. सिटी पास घ्यायचा का? कागदावर बेरीज करा. वासाला १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, इतरही बऱ्याच ठिकाणी मुलं फुकट असतात, त्यामुळे मुलांसाठी पास घेणं बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं आहे. मोठ्यांनाही दिवसाला चार-चार ठिकाणं पळत बघितली तरच पास वसूल होतो, आणि तसं पळून बघण्यात काही राम नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

> तपासा: दोन कार्डं इंटरनॅशनलसाठी चालू? पिन पाठ? मिडसमर, सोमवार, सरकारी सुट्टी मध्ये येत नाही ना? पायात मळलेले, सवयीचे बूट आहेत ना? जुन्या शहरात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, नवीन बूट घालून आलात तर संध्याकाळपर्यंत फोड येतील.

## टप्पा २: शहरात फिरायची व्यवस्था

मेट्रो, बस, ट्राम, लोकल ट्रेन आणि ठरावीक बोटी या सगळ्यांना एसएलचं, म्हणजे इथल्या शहर वाहतूक कंपनीचं, एकच तिकीट चालतं. एका वेळचं तिकीट ७५ मिनिटं चालतं, त्यात कितीही वेळा बदला. बँकेचं कार्ड गेटवर टॅप केलं तरी जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस जातो, नवरा-बायको दोघं असाल तर दोघांकडे आपापलं कार्ड हवं, आणि आईवडील ६५ च्या पुढचे असतील तर टॅप करू नका कारण टॅपला पूर्ण भाडं लागतं. त्यांच्यासाठी एसएलच्या अ‍ॅपमधून सवलतीचं तिकीट काढा. तीन दिवस फिरणार असाल तर ७२ तासांचं तिकीट सगळ्यात सोपं, प्रत्येक वेळी विचार करावा लागत नाही.

सावधान: बसमध्ये ड्रायव्हरकडे रोख पैसे देऊन तिकीट मिळत नाही. आणि "हॉप ऑन हॉप ऑफ" बोटी वेगळ्या, त्यांना एसएलचं तिकीट चालत नाही. स्लुसेनहून यूरगोर्डेनला जाणारी ८२ नंबरची फेरीबोट मात्र एसएलची आहे, तीच घ्या. जुनं शहर, राजवाडा, बंदर सगळं पाण्यावरून दिसतं आणि वेगळे पैसे लागत नाहीत, लोक यासाठी उगाच महागड्या टूरचं तिकीट काढतात.

## टप्पा ३: पहिला दिवस, यूरगोर्डेन बेट

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. वासा हे व्हायकिंग लोकांचं जहाज नाही. व्हायकिंग काळ संपल्यावर साडेपाचशेच्या वर वर्षांनी, १६२८ मध्ये, राजाने बांधून घेतलेली ही युद्धनौका, ६४ तोफांची, १० ऑगस्टला पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बंदरातच बुडाली. १९६१ मध्ये वर काढली. व्हायकिंग बघायचे असतील तर त्यांची जागा वेगळी, ती पुढे येईल.

१. वासा म्युझियम उघडायच्या वेळेला दारात हजर राहा. उन्हाळ्यात ते साडेआठला उघडतं, बाकी वर्षभर दहाला. अकरापासून क्रूझचे आणि बसचे ग्रुप येतात आणि मग जहाजाच्या कठड्याला टेकायला जागा मिळत नाही. सकाळी जमत नसेल तर सप्टेंबर ते मे बुधवारी ते रात्री आठपर्यंत उघडं असतं, ती संध्याकाळ फार शांत असते. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती मेट्रो स्टेशनहून ७ नंबरची ट्राम, नॉर्डिस्का म्युझियमच्या स्टॉपवर उतरायचं आणि त्या मोठ्या इमारतीच्या मागच्या बाजूला चालत जायचं.

आत जायच्या आधी एकदा बाहेरून छपराकडे बघा, वर ज्या डोलकाठ्या उभ्या आहेत त्या जहाजाची मूळ उंची दाखवायला लावलेल्या आहेत. आतून हे कळत नाही.

२. जॅकेट काढून देऊ नका. लाकूड टिकावं म्हणून आतलं तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास धरून ठेवलेलं असतं आणि उजेडही मंद असतो. बाहेर ऊन असलं तरी तासाभराने ज्येष्ठ माणसांना गारठा जाणवतो.

३. आधी फिल्म, मग टूर, मग स्वतः. लोक काय करतात तर आत शिरल्या शिरल्या समोर ६९ मीटरचं जहाज दिसतं, त्यापुढे फोटो काढत बसतात, एक चक्कर मारतात आणि अर्ध्या तासात बाहेर. मग सगळ्या मजल्यांवर काय होतं ते राहूनच जातं. त्याऐवजी छोटी फिल्म बघा, ती तिकिटातच आहे. मग इंग्रजी टूरची पुढची वेळ बोर्डावर बघून तिथे थांबा, तीही तिकिटातच असते. त्यात जहाज का बुडालं ते नीट कळतं, म्हणजे वरचा भाग जड आणि खाली वजन कमी, त्यात तोफांच्या खिडक्या उघड्या ठेवलेल्या, वाऱ्याच्या झोताने जहाज कललं आणि त्या खिडक्यांतूनच पाणी आत शिरलं. हे डोक्यात असलं की पुढचं सगळं वेगळं दिसतं.

४. मग लिफ्टने अगदी तळाला जा आणि तिथून वर वर या. खालच्या मजल्यावर जहाजाबरोबर बुडालेल्या माणसांचे सांगाडे आणि त्यावरून घडवलेले चेहरे आहेत, तिथेच तळाखाली उभं राहिलं की एवढं उंच जहाज किती अरुंद बुडावर उभं होतं ते डोळ्यांनी दिसतं. वरच्या मजल्यांवरून डेक दिसतो. रंगवलेलं छोटं मॉडेल शोधून बघा, मूळ जहाज असं काळपट नव्हतं, भडक रंगांचं होतं. तोफांच्या मजल्याची एक प्रतिकृती केलीय तिच्यात आत जाता येतं. खुद्द जहाजावर कोणालाच चढता येत नाही, त्यासाठी रांग कुठाय म्हणून शोधत बसू नका.

५. शेवटी जहाजाची मागची बाजू. सिंह, राजचिन्ह, कोरलेल्या मूर्ती सगळ्यात दाट तिथे आहेत. फ्लॅश नको. एकूण दोन ते अडीच तास धरा.

> तपासा: किती वाजले? साडेअकराच्या आत बाहेर पडला असाल तर पुढचं स्कान्सेन नीट होईल. एक वाजून गेला असेल तर स्कान्सेन सोडा आणि नॉर्डिस्का म्युझियम करा, ते शेजारीच आहे.

६. स्कान्सेन की नॉर्डिस्का, दोन्हीपैकी एकच. तिन्ही एका दिवसात करायचा हट्ट धरला की तिसऱ्या ठिकाणी फक्त बाकं शोधली जातात. पाऊस असेल, गुडघे दुखत असतील तर नॉर्डिस्का: स्वीडिश लोकांची घरं, कपडे, जेवणाची टेबलं, सण, सगळं छताखाली. मुलं बरोबर असतील, हवा चांगली असेल तर स्कान्सेन. दोन्ही आर्तुर हाझेलियस याच एका माणसाने उभी केली, स्कान्सेन १८९१ मध्ये सुरू झालं आणि जगातलं पहिलं उघड्यावरचं म्युझियम मानलं जातं. देशभरातली जुनी घरं सुटी करून इथे आणून परत उभारली आहेत.

स्कान्सेनमधली खरी चूक वेळेची आहे. बाग उघडी असते म्हणजे घरं उघडी असतात असं नाही. घरांच्या वेळा वेगळ्या, कमी तासांच्या, आणि हिवाळ्यात तर मोजकीच घरं उघडी असतात. लोक आधी अस्वलं, लांडगे, एल्क (इथलं मोठं हरीण) बघत बसतात आणि मग घरांकडे येतात तेव्हा कुलपं लागलेली. म्हणून आत शिरल्यावर आधी घरं, नंतर प्राणी. सरकत्या जिन्याने किंवा डोंगरगाडीने थेट वर जा, स्कान्सेनमध्येच उभारलेला जुन्या शहरी घरांचा भाग आणि काचकाम करणाऱ्यांची भट्टी बघा, मग शेतकऱ्यांची घरं आणि सेग्लोराचं लाकडी चर्च, आणि त्यानंतर प्राणी. घरात जुन्या वेषातली माणसं बसलेली असतात त्यांच्याशी बोला. चूल कशी पेटवायचे, भाकरी वर्षभर कशी टिकवायचे, विचारलं की सगळं सांगतात, न विचारता निघून आलात तर ती फक्त जुनी खोली वाटेल.

खायचं बरोबर न्या. आत बाकं आहेत, डबा उघडून बसायला कोणी अडवत नाही, आणि शाकाहारी माणसांचा त्यामुळे मोठा प्रश्न सुटतो. पाण्याची बाटली नळावर भरा, इथलं नळाचं पाणी थेट पितात.

## टप्पा ४: दुसरा दिवस, गाम्ला स्तान (जुनं शहर)

१. नऊच्या आत पोचा आणि आधी गल्ल्या बघा. दुकानं उघडायच्या आधीचा हा तास सोन्यासारखा आहे. वेस्टरलोंगगातान या मुख्य रस्त्याने जाऊ नका, तो म्हणजे नुसती फ्रिज मॅग्नेटची दुकानं, त्याला समांतर प्रेस्तगातान धरा. त्यावर कोकब्रिंकेनच्या कोपऱ्यावर भिंतीत बसवलेला एक रुनिक (इथल्या प्राचीन लिपीतल्या) लेखाचा दगड आहे, जुना दगड बांधकामात तसाच वापरून टाकलाय, शेजारून हजारो लोक न बघता जातात. दक्षिण टोकाला मॉर्टन ट्रोटसिगची गल्ली, सगळ्यात अरुंद जागी फक्त ९० सेंटिमीटर, पायऱ्यांची आहे म्हणून बाबागाडी घेऊन शिरू नका. मग स्टूरतोरिएत चौक, जिथे नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कच्या राजाने ऐंशीच्या वर लोकांची मुंडकी उडवली होती. नोबेल म्युझियम याच चौकात आहे. लहान आहे, वाचायचं जास्त आहे, मुलांना कंटाळा येतो. विज्ञानाची ओढ असेल तरच तासभर द्या.

२. स्टूरशिर्कान चर्च, गर्दीच्या आधी. तिकीट आहे. आत १४८९ मधलं संत जॉर्ज आणि ड्रॅगनचं लाकडी शिल्प आहे, त्यासाठीच जायचं. ड्रॅगनच्या अंगावरचे काटे जवळून बघा, त्यात एल्कची खरी शिंगं वापरलीयेत.

३. पहारा बदलायचा सोहळा. उन्हाळ्यात सोमवार ते शनिवार सव्वाबाराला, रविवारी सव्वा एकला राजवाड्याच्या बाहेरच्या अंगणात, फुकट. लोक बाराला येतात आणि पाठी बघत उभे राहतात, साडेअकरालाच जागा धरा. हिवाळ्यात रोज नसतो. लहान मुलं कंटाळली तर मधेच निघणं अवघड जातं, म्हणून कडेला उभे राहा.

४. सोहळा संपल्या संपल्या राजवाड्यात घुसू नका. सगळा जमाव त्याच वेळी दारात जातो. आधी जेवून घ्या, साधारण दोनपर्यंत हॉटेलांत "दागेन्स" नावाचं दुपारचं जेवण मिळतं, सॅलड-ब्रेड-कॉफी धरून, संध्याकाळच्या मानाने बरंच स्वस्त. शाकाहारी पाहिजे असेल तर "वेगेतारिस्क" म्हणा आणि अंडं-मासा वेगळं विचारा.

५. मग राजवाडा, खालून वर. तिकिटात दिवाणखाने, खजिना आणि त्रे क्रूनोर म्युझियम येतात. त्रे क्रूनोर तळात आहे, १६९७ मध्ये जळालेल्या जुन्या किल्ल्याचे अवशेष, बहुतेक लोक दमून ते गाळतात, म्हणून ते आधी करा, मग खजिना, शेवटी वरचे दिवाणखाने.

सावधान: राजवाडा आजही कामकाजाचा आहे. परदेशी पाहुणे आले, समारंभ असला की काही भाग अचानक बंद होतात. सकाळीच साइटवर बघा.

६. लिव्हरुस्तकामारेन चुकवू नका. हे शाही शस्त्रागार राजवाड्याच्याच तळघरात आहे पण दार वेगळं, स्लॉट्सबाकेन या उताराच्या बाजूला, आणि राजवाड्याच्या तिकिटात ते येत नाही. म्हणूनच लोक गाळतात. तिथे राजा गुस्ताव अडॉल्फ १६३२ मध्ये ज्या लढाईत पडला त्यावेळचे कपडे आहेत, त्याचा घोडा स्ट्राइफ पेंढा भरून उभा आहे, आणि १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी घातलेल्या गुस्ताव तिसऱ्याचा पोशाख. आदल्या दिवशी वासा बघितलेलं असतं, आणि ते जहाज बांधून घेणारा राजा हाच, त्यामुळे दुवा लगेच लागतो. माझ्या मते दिवाणखान्यांपेक्षा हे जास्त मोलाचं, दमलात तर दिवाणखाने गाळा पण हे करा.

बाहेर आल्यावर तिथेच फिनिश चर्चच्या मागच्या छोट्या अंगणात हाताच्या पंजाएवढा लोखंडी मुलगा बसलेला आहे, चंद्राकडे बघणारा. मुलांना दाखवा.

## टप्पा ५: तिसरा दिवस, सिटी हॉल आणि पुढे दोनपैकी एक

सिटी हॉल म्हणजे स्टाट्सहुसेट, १९२३ मध्ये पूर्ण झालेलं. आत फक्त गाइडेड टूरनेच जाता येतं, आपलं आपण फिरता येत नाही, त्यामुळे वेळ न बघता गेलात तर अंगणातून परत. टूर साधारण पाऊण तासाची, सकाळची पहिली घ्या. नोबेलची मेजवानी १० डिसेंबरला इथल्या निळ्या हॉलमध्ये होते (हॉल लाल विटांचाच आहे, निळा रंग शोधू नका), त्या आसपासच्या दिवसांत आत जाता येईल याची खात्री नाही. मनोऱ्याचं तिकीट वेगळं, तो फक्त उन्हाळ्यात उघडतो आणि १०६ मीटर उंच आहे, वरचा बराच भाग चढून जायचाय, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर नको.

इथून पुढे दिवसाचे दोन रस्ते आहेत.

ड्रॉटनिंगहोल्म राजवाडा: उन्हाळ्यात सिटी हॉलच्या धक्क्यावरून बोट जाते. बोटीचे पैसे वाचवायचे तर मेट्रोच्या हिरव्या लाइनने ब्रोमाप्लान आणि पुढे बस, एसएलच्या तिकिटातच. तिथलं १७६६ चं थिएटर टूरशिवाय दिसत नाही, म्हणून पोचल्यावर आधी थिएटरच्या टूरची वेळ घ्या, मग राजवाडा, मग बाग आणि चिनी मंडप. उलटं केलं की थिएटर हमखास राहतं. मूळची लाकडी यंत्रं अजून आत आहेत, पडदे आणि लाटा फिरवणारी, नाटकवेड्या मराठी माणसाने ती सोडू नयेत.

व्हायकिंग बघायचे असतील तर: ब्यॉर्क्यो बेटावरचं बिर्का हे व्हायकिंगांचं जुनं गाव, बोट त्याच धक्क्यावरून, फक्त उन्हाळी हंगामात. हे अर्ध्या दिवसात होत नाही, नुसत्या जाण्यालाच साधारण दोन तास लागतात, म्हणून बिर्का केलं तर सिटी हॉल दुसऱ्या दिवशी ढकला. आणि तिथे उभं गाव दिसेल ही अपेक्षा ठेवू नका, गवतातल्या थडग्यांचे उंचवटे, तटबंदीच्या खुणा आणि म्युझियम आहे, गाइडबरोबर चाललात तरच ती जमीन बोलते. एवढा वेळ नसेल तर शहरातलं हिस्टोरिस्का म्युझियम बघा, तिथे व्हायकिंगांचं मोठं दालन आणि तळघरात सोन्याची खोली आहे. आधी सोन्याची खोली करू नका, व्हायकिंग दालन बघून मग खाली जा, नाहीतर वरच्या मातीच्या भांड्यांकडे आणि मण्यांकडे कोणाचं लक्ष लागत नाही.

## टप्पा ६: परतीच्या दिवशी उरलेले तास

विमान संध्याकाळचं असेल तर बॅगा घेऊन म्युझियमला जाऊ नका, मोठं सामान आत घेऊ देत नाहीत आणि त्यांच्या लॉकरमध्ये सूटकेस बसत नाही. सेंट्रल स्टेशनवर लॉकर आहेत, तिथे ठेवा आणि चालत हामनगातानवरच्या हालविल म्युझियमला जा. एका श्रीमंत बाईने आपलं घर चमच्यापासून पियानोपर्यंत यादी करून सरकारला देऊन टाकलं, ते तसंच ठेवलंय, दीड तासात होतं. सोमवारी मात्र बंद असतं. विमानतळाला जाताना मेट्रो-बसचं साधं तिकीट पुरेल असं धरू नका, लोकल ट्रेनने आर्लांडा स्टेशनवर उतरलात तर वेगळं शुल्क लागतं, ते आधीच अ‍ॅपमधून तिकिटाबरोबर भरून ठेवा म्हणजे गेटवर बॅगांसकट अडकणार नाही.